गोल वाटी आणि चंद्रकोर

रोपवाटिकेत तिला सगळे कुंडीकाकू म्हणत. एकोणीस वर्षं तिचं काम एकच. कुंडीतल्या मातीवर चढणारं हिरवं, चपटं शेवाळ चाकूनं खरवडून काढायचं. सकाळी स्टुलावर बसलं की दुपारी गुडघे सरळ व्हायला तयार नसत. आणि खरवडलेलं महिन्याभरात पुन्हा हजर. त्याच्या अंगावर इवल्या वाट्या असतात, वाटीत हिरवे कण. पाइपचं पाणी वरून पडलं की कण शेजारच्या कुंडीत उडतात आणि रुजतात, हे तिनं पाहून पाहून ओळखलं होतं. पाणी वरून मारू नका, असं मालकांना तीनदा सांगितलं. "बघू," म्हणाले. मग तिनं नाद सोडला.

एकदा कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणारे सर आले. प्रात्यक्षिकासाठी त्यांना तेच हिरवं शेवाळ हवं होतं. त्यांनी डबा भरला.

"दोन प्रकार एकत्र भरलेत तुम्ही," काकू मान वर न करता म्हणाली.

"नाही हो काकू. हे शेवाळही नाही, लिव्हरवर्ट आहे. सगळी एकाच प्रकारची, मार्केन्शियाच."

"असेल. पण हिची वाटी पूर्ण गोल, आणि हिची चंद्रकोरीसारखी, एका बाजूनं उघडी. देठावर इवल्या छत्र्या येतात त्या गोलवालीलाच. काही थाळीसारख्या, काही बोटं फुटलेल्या."

सरांनी भिंग काढलं. बराच वेळ उकिडवे बसून राहिले.

"थाळीवाली नर, बोटांची मादी," ते म्हणाले. "आणि ही चंद्रकोरवाली लुनुलॅरिया. हिचं कूळच वेगळं. दोन्ही एकच म्हणून मी मुलांना दाखवत आलोय."

"म्हणजे संसारही आहे त्यांचा. आणि मी रोज मोडतेय."

"वर्गात येऊन दाखवाल?"

"किती मजले?"

"दोन."

"मग मुलांनाच इथं आणा."

पुढच्या आठवड्यात मुलं आली. काकू स्टुलावरून उठली नाही. एकेकाच्या हातात कुंडी देऊन तेच ते सांगत राहिली. मुलं वहीत वाट्या काढत होती. एकीनं तिला दोनदा 'मॅडम' म्हटलं. मुलं गेल्यावर राहिलेल्या कुंड्या खरवडायच्याच होत्या. त्या तिनं खरवडल्या.

घरी सुनेनं विचारलं, "आवाज का बसलाय आई?"

"शिकवत होते."

सून हसली नाही. तिनं गरम पाणी आणून दिलं. काकूनं ते भिंतीला टेकून, डोळे मिटून, घोट घोट संपवलं.