तन्मणी मागून बांधतात

हिंदुस्थानातल्या झाडून साऱ्या राण्यांच्या गळ्याकडे आयुष्यभर टक लावून पाहूनही ज्याची अब्रू शाबूत राहिली, असा एकच गृहस्थ मी पाहिला. ते माझ्या मावशीचे यजमान. आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. नोकरी पाटबंधारे खात्यात, काम धरणांचे नकाशे काढण्याचं, बिऱ्हाड बिबवेवाडीत दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये आणि मन कायम कुठल्यातरी संस्थानात. तेही दरबारात नव्हे, थेट जनानखान्यात. कुठल्या राजानं कुणाशी लढाई केली असं विचारलं तर ते सरळ सांगत, "ते शाळेत शिकवतात, तिथं विचार." पण अमक्या राणीसाहेबांनी लेकीच्या लग्नात चिंचपेटीखाली तन्मणी घातला होता की नुसते मोत्यांचे सर, एवढं विचारायचा अवकाश, काकांचे डोळे अर्धवट मिटत, आवाज मऊ होई आणि हातातला चहा गार होऊन जाई. बुधवार पेठेतल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून त्यांनी संस्थानी बायकांचे पिवळे पडलेले फोटो जमवले होते आणि रविवारी सकाळी गॅलरीत बसून ते एकेक फोटो भिंगाखाली धरत. समोर नव्यानं राहायला आलेल्या बाईंना ते ज्योतिषी वाटले आणि त्या आपल्या मुलीला, तिच्या पत्रिकेसकट, घेऊन आल्या. काकांनी पत्रिका बाजूला ठेवली, मुलीकडे नीट पाहिलं आणि कानाची वरची कड देवानं बुगडीसाठीच राखून ठेवलेली आहे, असं सांगून दोघींची बोळवण केली.

दागिना कुणाचा यापेक्षा तो कसा घातलाय याला त्यांच्या लेखी महत्त्व. चिंचपेटी गळ्याला बिलगून हवी, इतकी की राणीसाहेबांनी आवंढा गिळला तर मोत्यांना कळलं पाहिजे. तन्मणी तिच्याखाली, आणि मोहनमाळ सगळ्यांत लांब, पार पदरापर्यंत उतरलेली. पायात सोनं घालायचा मान राजघराण्याचा, बाकीच्यांनी चांदीवर भागवावं. नथ डाव्या नाकपुडीत. यात तडजोड नाही. माझ्या लग्नात नवऱ्याकडच्या एक बाई चापाची नथ उजव्या बाजूला अडकवून हौसेनं मिरवत होत्या. काका मुहूर्तापर्यंत कसेबसे गप्प राहिले. अक्षता पडल्या आणि ते त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले. "ताई, आपल्या नथीची बाजू चुकलीय." त्या बाई सदाशिव पेठेतल्या. त्यांनी काकांना वरून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "आपण कोण, भालदार का?" काकांना यात अपमान वगैरे वाटलाच नाही. "छे हो, भालदारांना आत मज्जाव असे," असं म्हणून ते जनानखान्याची सगळी व्यवस्था त्यांना समजावून सांगू लागले, तेव्हा मावशीनं त्यांच्या कोटाची बाही धरून त्यांना जिलबीच्या पंगतीकडे नेलं.

केबल आली आणि मालिकांमधल्या राण्या घरोघरी नटून बसू लागल्या, तेव्हा आता आपले दिवस आले असं काकांना वाटलं. पण त्या राण्या झोपतानासुद्धा कमरपट्टा घालत. "अगं, पण ही कुशीवर वळणार कशी?" असं ते मावशीला इतकं कळवळून विचारत की मावशी त्या राणीसाठी नाही, पण काकांसाठी टीव्ही बंद करून टाकी.

त्यांचा सगळ्यांत लाडका विषय मात्र दागिन्याची मागची बाजू. समोरून काय, कुणीही बघेल. पण जुन्या दागिन्यांना अडकवायचा फासा नसे, मागे रेशमाचा गोंडा असे, आणि तो मानेवर बांधावा लागे. "म्हणजे बघ," काका म्हणत, "राज्य असलं तरी राणीला स्वतःचा तन्मणी स्वतःला घालता येत नाही. मागे दुसऱ्याचे हात लागतात. दासीचे हात. गाठ घट्ट झाली तर गळ्याला काच, सैल झाली तर दागिना जेवणाच्या ताटात. राणीचा सगळा डौल त्या हातांवर." एवढं बोलून ते समोरच्या भिंतीकडे असे बघत, जणू तिथे कुणीतरी पाठमोरं बसलं आहे. फासा निघाला आणि या सगळ्यातली गंमत गेली, असं त्यांचं मत. मावशी भाजी निवडता निवडता म्हणे, "फासा निघाला म्हणून बरं. नाहीतर तुमची वाट बघत मी अजून तशीच बसले असते." तिच्याजवळ होतं काय, तर हातात पाटल्या आणि गळ्यात मंगळसूत्र. एकदा तिनं ते नव्यानं गाठवून घेतलं, पोत लांब केली, वाट्या बदलल्या आणि काकांच्या लक्षात कधी येतं याची वाट पाहिली. दिवाळी येऊन गेली. शेवटी तिनंच विचारलं, तेव्हा काका भिंगातून मान वर काढून म्हणाले, "छान आहे. पूर्वी नव्हतं का?"

पुढे माझा मावसभाऊ हिंजवडीला नोकरीला लागला आणि घरात कॉम्प्युटर आला. तेव्हाचं इंटरनेट म्हणजे फोनच्या वायरीतून ठिबकणारं पाणी. चित्र एकदम येत नसे, वरून खाली एकेक रेघ उतरे. दुसरं कुणी वैतागलं असतं. काकांना तर तेच हवं होतं. ते खुर्ची ओढून पडद्यापुढे बसत. आधी भांगातली बिंदी यायची, मग कपाळ, मग भुवया, मग नथीचा आकडा, आणि आता गळ्यात काय निघणार या विचारात काका एका जागी तासभर तरंगत राहायचे. नेमकी चिंचपेटीची वरची कड दिसू लागली की मावशीच्या भिशीतल्या कुणाचा तरी फोन यायचा, लाइन तुटायची आणि राणीसाहेब हनुवटीशी थांबायच्या. "बरोबर आहे," काका म्हणायचे, "पडदानशीन बाई."

मुलगा अमेरिकेला गेला. मी धायरीला राहत होते, ऑफिस सांभाळून सवडीनं बिबवेवाडीला डोकावायचे. मावशीचं विसरणं डब्यांच्या झाकणांपासून सुरू झालं आणि हळूहळू माणसांपर्यंत आलं. तिच्या आठवणीतून आधी मी गेले, मग मुलगा गेला आणि एक दिवस काकाही तिला परके झाले. त्या संध्याकाळी तिनं कपाट उपसलं. "माझे दागिने कुणी नेले?" घरातला हा पुरुष कोण, या भीतीनं ती काकांना जवळ येऊ देईना. जेवण तर तिनं सोडलंच होतं. हे सगळं काकांनी मला फोनवर सांगितलं, पण त्यावर काय केलं ते सांगितलं नाही. ते मी नंतर गेले तेव्हा पाहिलं.

दिवेलागणीची वेळ होती. मावशी खुर्चीत ताठ बसली होती. काकांनी हात धुतले, पुसले आणि ते तिच्या मागे जाऊन उभे राहिले. ओंजळ रिकामी. "बाईसाहेब, चिंचपेटी." मावशीनं हनुवटी वर केली. काकांची बोटं तिच्या मानेवर हवेतली गाठ मारू लागली. "घट्ट होतेय गं," मावशी म्हणाली. "सैल करते हं," काका म्हणाले.

मी चमकून पाहिलं. जन्मभर जिला अगं-तुगं केलं तिला ते आपण म्हणत होते, आणि जन्मभर ज्यांना अहो म्हटलं त्यांना ती अगं म्हणत होती. धरणांचे नकाशे काढलेला तो भारदस्त माणूस 'आणते', 'बांधते', 'मान जरा वर करावी आपण' असं बोलत होता. माझ्याकडे बघून ते हलकेच म्हणाले, "आत पुरुषाला मज्जाव आहे ना. दासी चालते." मग तन्मणी झाला, मोहनमाळ झाली, नथ डाव्या बाजूलाच झाली, आणि नटूनथटून मावशी वरणभात जेवली, सगळा. मी स्वयंपाकघरात जाऊन घासलेलीच भांडी पुन्हा विसळत राहिले, कारण मला रडू येत होतं.

जेवणानंतर दागिने उतरवायचे. काढायचे म्हणायचं नाही, उतरवायचे. आणि ज्या क्रमानं चढले त्याच्या उलट. नथ गेली, मोहनमाळ गेली, तन्मण्याचा गोंडा सुटला, चिंचपेटी सुटली. मानेवरून हात काढताना काकांचं बोट मंगळसूत्राच्या पोतीत अडकलं. मावशीनं दोन्ही वाट्या मुठीत घट्ट धरल्या.

"याला हात नको लावूस."

"नाही लावत, बाईसाहेब."

"हे ह्यांनी घातलंय." मग तिनं मान कलती केली आणि विश्वासातल्या माणसाला सांगावं तशी हळूच म्हणाली, "ह्यांना दागिन्यांतलं ओ की ठो कळत नाही गं. पण हे त्यांनी स्वतः घातलंय. हात थरथरत होते त्यांचे."

काकांनी पोत सावरून पदराखाली नीट केली.

"ते आले ना," मावशी म्हणाली, "की सांग हं त्यांना. मी जेवले म्हणावं."

"सांगते," काका म्हणाले.