सोमवारच्या निळ्या गोळ्या

डुमरटोलीच्या मुलींच्या हॉकी वसतिगृहात मी बावीस वर्षं भात शिजवला. तिथल्या मगदलीची ही गोष्ट. तिनं ती लपवली असं नाही. ज्याला-त्याला सांगत सुटली, पण दर वेळी स्वतःला होती त्याहून वाईट करून. म्हणून आता मी सांगते.

मगदली बिलुंग आमच्याकडे प्रशिक्षक म्हणून आली तेव्हा सव्वीस वर्षांची होती. चार वर्षं राज्याकडून खेळली, मग गुडघा गेला आणि हातात शिट्टी आली. तिचं आजोळ माझ्या माहेराला लागून, दोघी खडिया जमातीच्या. त्यामुळे मुलींसमोर मी तिला दीदी म्हणायची आणि दोघीच असलो की मगदली. ती मला मावशीच म्हणायची, सगळ्यांसारखी.

बिरसमुनी कुल्लूला, आमच्या बिरसीला, तिनंच शोधून आणलं. आमच्याकडे धान कापून झालं की रिकाम्या शेतांत गावागावांचे सामने होतात, जिंकणाऱ्या गावाला खस्सी म्हणजे बोकड, हरणाऱ्याला कोंबडे. अशाच एका सामन्यात तेरा वर्षांची एक पोर अनवाणी, बांबूची वाकडी काठी घेऊन, बाप्यांच्या पायांतून चेंडू काढत होती. मगदली तिथून परत आली ती थेट माझ्या चुलीपाशी.

"मावशी, एक पोर आणलीय. पाय आहेत की हरणाचे खूर!"

"खाते किती ते सांग," मी म्हटलं. मला चौतिसांचं रांधायचं होतं.

पहिलं वर्ष बिरसी खरंच हरणासारखी पळाली. मोठ्या मुलीसुद्धा तिला मधल्या फळीत मान द्यायला लागल्या.

गोळ्यांचं त्याच वर्षी झालं. आरोग्य केंद्रातली सिस्टर दर तीन महिन्यांनी लोहाच्या निळ्या गोळ्यांचा डबा आणून द्यायची. दर सोमवारी दुपारच्या जेवणावर एकेक गोळी, आणि रजिस्टरात प्रत्येकीच्या नावापुढे खूण. मुलींना त्या नको असायच्या. पोटात मळमळायचं. जिल्ह्याच्या निवडीला दहा दिवस राहिले होते, तेव्हा सरावात दोघी ओकल्या, आणि सगळ्यांत धाकटी अलिशा संडासातून रडतच बाहेर आली.

"मावशी, माझं सगळं काळं पडतंय! मी आतून कुजले!"

सगळ्या हसल्या, पण भ्यायल्याही. गोळीनं तसं होतं, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, हे सांगणारं आमच्यात कुणी नव्हतं. मगदलीनं डबा उचलून माझ्या हातात दिला.

"वर ठेव हा. निवड होऊ दे, मग बघू."

"आणि रजिस्टर?"

"खुणा मी करते. खुणेनं कुणाचं पोट दुखत नाही."

मी डबा फळीवर ठेवला, हळदीच्या बरणीशेजारी. निवड झाली. मग राज्याच्या स्पर्धा आल्या, मग गावोगावचे सामने, मग पुन्हा निवड. दहा दिवसांचे चौदा महिने झाले. सिस्टर रजिस्टर बघून नवा डबा देऊन जायची. मी दर शनिवारी फळी पुसायची तेव्हा तीन, मग चार, मग पाच डबे उचलून खाली ठेवायची आणि परत वर रचायची. माझ्या मनात काही आलं नाही, असं मी म्हणणार नाही. आलं, आणि गेलं.

दुसऱ्या वर्षी बिरसी मंदावली. आधी कुणाला कळलं नाही. फेऱ्यांत ती पहिल्या तिघींत असायची, ती दहावी यायला लागली, मग शेवटची. संध्याकाळी अभ्यासाला बसली की वहीवर डोकं टेकून झोपायची. तोंड मातकट दिसायला लागलं. बिनदुधाचा लाल चहा असल्याशिवाय तिला घास उतरायचा नाही. आणि तांदूळ निवडायला बसली की मूठ-मूठ कच्चेच तोंडात टाकायची.

"उंदरीण आहेस का गं?" मी विचारायची.

"बरं वाटतं मावशी, कुरकुर चावलं की."

मी हसायची. तिची पाळी आठ-आठ दिवस चालते, पहाटे उठून ती विहिरीवर कपडे धुते, हेही मला दिसत होतं. मुलींचं असतं काही ना काही, म्हणून मी सोडून दिलं.

मगदलीला मात्र यात एकच गोष्ट दिसली. तिनं स्वतः फुटक्या गुडघ्यावर दोन स्पर्धा खेळल्या होत्या. थकवा हा तिच्या लेखी स्वभावाचा दोष होता.

"नाव झालं, तशी चरबी चढली," ती सगळ्यांसमोर बोलायची. "राणीसाहेब, पाच फेऱ्या जास्त!"

बिरसी पळायची. उलट उत्तर देणारी पोर नव्हती ती. एकदाच, कंबरेवर हात ठेवून थांबली आणि म्हणाली, "दीदी, छातीत फार धडधडतं. कानात पण वाजतं काहीतरी."

"धडधडतं म्हणजे जिवंत आहेस. चल, पळ."

हे मी ओसरीवरून ऐकलं. सुपात तांदूळ पाखडत होते.

त्यानंतर आठच दिवसांत, फेब्रुवारीतल्या एका सकाळी, बिरसी तिसऱ्या फेरीला गोलच्या खांबाला धरून उभी राहिली. मगदलीनं शिट्टी फुंकली. बिरसीनं खांब सोडला आणि जागच्या जागी खाली बसल्यासारखी कोसळली. आम्ही धावलो तर ओठ राखेसारखे. मगदलीनं तिला पाठीवर घेतलं आणि रस्त्यापर्यंत पळाली, दुखऱ्या गुडघ्यानं. पहिल्या टेम्पोनं आम्ही तिघी सिमडेग्याच्या इस्पितळात.

डॉक्टरीणबाईंनी बिरसीची खालची पापणी ओढून बघितली आणि आम्हालाही बघायला लावली. आत लाल असायला हवं, तिथं कागद. नखंही तशीच. रक्त तपासून आलं: हिमोग्लोबिन चार पूर्णांक सहा.

"म्हणजे कमी का?" मगदलीनं विचारलं.

"या वयाच्या मुलीचं बारा तरी हवं." बाईंनी तिच्या गळ्यातली शिट्टी बघितली. "तुमच्या संघात अकरा जणी असतात ना? हिच्या अंगात चौघीच खेळतायत, आणि काम अकरा जणींचं. श्वासातली हवा अंगभर पोचवायचं काम या हिमोग्लोबिनचं. ते नाही म्हणून हृदय दुप्पट पळतंय. धडधड, धाप, कानात आवाज, असं काही म्हणायची का?"

मीच म्हटलं, "म्हणायची."

"कच्चे तांदूळ, माती, असलं काही खायची?"

"तांदूळ," मी म्हटलं.

रक्त चढवायचं ठरलं, सावकाश, एकेक बाटली, कारण हृदय थकलेलं. मगदलीनं तिथंच बाही वर केली. "माझं घ्या. लागेल तेवढं घ्या."

रक्तपेढीतल्या माणसानं तिच्या बोटाला सुई टोचली, यंत्राकडे बघितलं आणि मान हलवली. "बाई, तुमचंच आठ पूर्णांक नऊ आहे. देणाऱ्याचं साडेबारा लागतं. तुम्हाला जिना चढताना दम लागत नाही का?"

"लागतो," ती म्हणाली. "वय झालं असं वाटायचं."

एकोणतीस वर्षांची होती ती.

मग मी हात पुढं केला. बारा पूर्णांक आठ! तो माणूस हसला, "मावशी, तुम्ही खाता काय?" मी काय सांगणार? मुलींना पातेल्यातलं भात-डाळ वाढून झालं की मी लोखंडी कढईच्या तळाची भाजी खरवडून खायची, पालेभाजी, कुळीथ, जे असेल ते. उरलेलं खाणारी मी धडधाकट आणि वाढून घेणारी बिरसी खाटेवर. माझी बाटली भरत होती आणि मगदली भिंतीला टेकून माझ्या हाताकडे बघत उभी होती, हेवा वाटावा तशी.

दुसऱ्या दिवशी दुपारी बिरसीची आई आली. घरून मडव्याच्या म्हणजे नाचणीच्या भाकऱ्या बांधून आणल्या होत्या. तिनं वाकून मगदलीचे दोन्ही हात धरले.

"दीदी, पाठीवर घालून आणलंत म्हणे. तुमच्यामुळं वाचली."

मगदलीनं हात सोडवून घेतले. "माझ्यामुळं पडली. लोहाच्या गोळ्या यायच्या. मी बंद केल्या. सव्वा वर्ष. आणि ती दमली की वर फेऱ्या मारायला लावल्या."

आईनं तिच्या तोंडाकडे बघितलं. आता ही ओरडेल असं मला वाटलं. मगदलीची तर तशी इच्छाच असावी.

"सुट्टीत आली होती," आई म्हणाली. "डोंगराखालून पाणी आणायला सांगितलं तर वाटेत तीनदा बसायची. मी म्हटलं, शाळेनं आयतखाऊ केली हिला. झाडूनं मारलं एकदा." तिनं पदरानं नाक पुसलं. "आता काय खायला घालू ते सांगा."

मगदली तशीच उठली आणि बाहेर गेली.

डॉक्टरीणबाईंना तिनं नंतर गाठून विचारलं, गोळ्या चालू असत्या तर हे टळलं असतं का. बाई म्हणाल्या, "सांगता येत नाही. पाळीचा रक्तस्राव जास्त आहे, पोटात जंत निघालेत, अनवाणी फिरते. आठवड्याची एक गोळी कदाचित पुरली नसती. पण इतकं खाली गेलं नसतं, एवढं नक्की." बाईंनी सरळ मनानं सांगितलं. मगदलीनं त्यातलं शेवटचं वाक्य तेवढं घरी आणलं.

पुढच्याच आठवड्यात तिनं सिस्टरला बोलावून चौतीस जणींचं रक्त तपासून घेतलं. एकवीस जणी बाराच्या खाली. त्यांतल्या नऊ जणी दहाच्याही खाली. अलिशा आठवर. मग ती रजिस्टर घेऊन मुख्याध्यापिकेकडे गेली आणि सगळ्या खुणा खोट्या आहेत असं लिहून दिलं. मला सांगितलं, "तुझं नाव घेतलं नाही." मी म्हटलं, "घ्यायला हवं होतंस." पण मी स्वतः जाऊन सांगितलं नाही, हेही खरं.

तिची शिट्टी एका वर्षासाठी काढून घेतली. धाकट्या वर्गांची कवायत तिच्याकडे दिली. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. ज्यांचं फार कमी होतं त्यांना रोजची, बाकीच्यांना सोमवारची. वर लिंबाची फोड, आणि जेवणाबरोबरचा चहा बंद, कारण चहानं लोह अंगी लागत नाही. जंताची गोळी वेगळी. विहिरीवर आणि संडासाला जाताना चपला. मगदलीही सगळ्यांत शेवटी बसून स्वतःची गोळी गिळायची. कुणाला काळं झालं की आता सगळ्या ओरडायच्या, "लागली, लागली!"

बिरसी जूनपर्यंत अकरा पूर्णांक चारवर आली. पळायला लागली, हसायला लागली, तांदूळ निवडून माझ्याकडे जसेच्या तसे द्यायची. पण राज्याची निवड त्या वर्षी हुकली ती हुकलीच.

शिट्टी परत मिळाल्यावर मगदली निराळीच झाली होती. सकाळी रांगेत उभं करून एकेकीची पापणी बघायची. कुणी थांबलं की लगेच, "बस, बस, पाणी पी." खरंच आळस करणाऱ्यांचं फावलं. आम्ही ओळीनं चार सामने हरलो. शेवटी बिरसीच तिच्यासमोर उभी राहिली.

"दीदी, मला ओरडा ना! मी चुकीचा पास दिला."

"जाऊ दे. दमली असशील."

"नाही दमले! किती दिवस मला आजारी ठेवणार तुम्ही?"

मगदलीचं तोंड उतरलं. संध्याकाळी ती ओसरीवर बिरसीपाशी बसली आणि त्या फेऱ्यांबद्दल माफी मागितली. बिरसी चपलेचा पट्टा शिवत होती. "मला नाही फारसं आठवत, दीदी," ती म्हणाली. खरंच आठवत नव्हतं, की तिला तो विषय नको होता, ते मला कळलं नाही.

"मला आठवतं," मगदली म्हणाली.

पुढच्या वर्षी बिरसीची रांचीच्या मोठ्या केंद्रात निवड झाली. आम्ही दोघी तिला बसपर्यंत पोचवायला गेलो. ती खिडकीत बसली, बस हलली, वळणावर धूळ उडाली. मगदली ऊन डोळ्यांवर घेत तिकडेच बघत होती.

"मावशी, मला नीट दिसलं नाही. तिनं मागं वळून बघितलं का गं?"

"बघितलं की," मी म्हटलं. "हातसुद्धा हलवला."

बघितलं नव्हतं.