चार फुटांवरचा फुटबॉल

कुठलंही मैदान महिनाभर चालवून बघा, किश्शांनी गोणी भरते. आणि आमचं तर करोनातलं मैदान! "निम्मे प्रेक्षक घेऊन खेळ घ्या," असा आदेश आला आणि पोलादपूरच्या पुढे, डोंगरातल्या आमच्या गावात मुलींची फुटबॉल स्पर्धा सुरू झाली. गावाचं नाव सांगत नाही. सांगितलं तर माझ्यावर गावकी बसेल. आमच्या म्हाताऱ्यांची ही बैठक एकदा बसली की लवकर उठत नाही!

तसा आमचा खेळ कबड्डी. फुटबॉल आणला तो कोल्हापूरहून बदलून आलेल्या पीटीच्या सरांनी. मी महाडच्या कॉलेजातून बी.एस्सी. करून लॉकडाऊनमुळे घरी बसलेली, म्हणून सरांनी मला गेटवर उभं केलं. हातात तापमानाची गन, गळ्यात शिट्टी. पुढचं सगळं मी या डोळ्यांनी पाहिलंय, आणि अजून माझा विश्वास बसत नाही.

*

मैदानात दोनशे माणसं मावतात, म्हणजे पास शंभर. सर म्हणाले, "लकी ड्रॉ काढू या."

गावकीचे अध्यक्ष तात्या, म्हणजे माझ्या बाबांचे सख्खे चुलते, खुर्चीतून हललेही नाहीत. "ड्रॉ कशाला? पालखीला जो मानाचा क्रम हाय, तोच हितं."

"ओ तात्या, फुटबॉल हाय ह्यो, पालखी न्हाय!"

"मास्तर, मान तो मान."

झालं! पहिल्या तीन रांगा सत्तरीच्या वरच्या. आणि पहिल्या मॅचला बघते तर काय, पास सगळे खपलेले, पण माणसं चाळीस. बाकी खुर्च्यांवर कुणाची काठी, कुणाचा टॉवेल, कुणाची मिटलेली छत्री. मान घ्यायचा, मॅच बघायची नाही!

ज्यांना फुटबॉल कळत होता ती सगळी पोरं कुंपणाबाहेर जांभळीवर चढलेली. झाडावर किती टक्के क्षमता ठेवायची, हे काही सरकारी आदेशात नव्हतं. गोल झाला तेव्हा मैदानातून बारा टाळ्या आल्या, आणि जांभळीची एक फांदी मोडली.

*

दुसरा नियम, लसीचा एक तरी डोस हवा. पहिल्या मॅचला सरांनी कानाडोळा केला होता. दुसऱ्या मॅचपासून म्हणाले, "आता कुणालाबी सोडायचं न्हाय."

पहिल्या लॉकडाऊनमध्ये तात्यांनी वेशीवर बांबू आडवा टाकून मुंबईहून चालत आलेल्या माणसांना बाहेर ठेवलं होतं. त्यातलाच एक सदाभाऊ. दुसऱ्या मॅचला तो सर्टिफिकेट लॅमिनेट करून, गळ्यात अडकवून आला. दोन्ही डोस! त्याच्या मागे तात्या.

मी म्हटलं, "तात्या, सर्टिफिकेट?"

"मला कशाला? मी काय गावाबाहेर जातो?"

"मग आत नाही जाता येणार."

तात्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं श्राद्ध घातलं. सदाभाऊ गेटच्या आत उभा राहून गोड आवाजात म्हणाला, "तात्या, बांबू आणू काय आडवा टाकायला?"

घरी माझ्यावर जो काही पाऊस पडला तो सांगत नाही. "घराण्याची अब्रू गेटवर टांगलीस!" वगैरे. पण दुसऱ्या दिवशी आरोग्य केंद्र उघडायच्या आधी पायरीवर कोण बसलं होतं? तात्या! त्या दिवसापासून त्यांनी एक मॅच चुकवली नाही. "ऑफसाइड म्हंजे काय रे मास्तर?" असं दर दहा मिनिटांनी विचारायचे.

*

आता सायली. आमची गोलकीपर, बारावीतली, उंच, आणि चेंडूवर मांजरासारखी पडणारी. सेमीफायनलच्या आदल्या दिवशी ती माझ्याकडे आली. "ताई, बाबांना एक पास दे ना."

तिचे बाबा रामाकाका. नऊ वर्षांपूर्वी गावकीने ठरवलेल्या माणसाविरुद्ध त्यांनी ग्रामपंचायतीचा फॉर्म भरला, आणि गावाने त्यांना वाळीत टाकलं. तेव्हापासून त्यांच्याशी कुणी बोलत नाही, त्यांच्या घरचं पाणी कुणी पीत नाही, कार्याला बोलावणं नाही. मी आठवीत होते तेव्हा. आम्हालाही दटावून ठेवलेलं. सायली शाळेत आमच्याशी बोलायची, पण वेशीच्या आत आली की गप्प व्हायची.

"बाबा म्हणतात, ज्या मैदानात मला खुर्ची नाय, तिथं माझी पोर कशाला उडी मारायला? उद्या ते आत बसले तर मी खेळणार. नायतर खेळ बंद, कायमचा."

पास तर गावकीच्या हातात. मी तशीच तात्यांकडे गेले. "तात्या, वाळीत टाकणं कायद्याने गुन्हा आहे, माहीत आहे ना?"

तात्या शांतपणे म्हणाले, "आमी काय केला गो? आमी नुसतं बोलत नाय. न बोलणं कुठल्या कायद्यात बसतंय?"

कॉलेजात मी वादविवादाचं बक्षीस घेतलंय. ते तिथल्या तिथे परत करावंसं वाटलं.

"आणि खुर्ची?"

"आमच्या मांडीला मांडी लावून तो बसायचा नाय."

*

सेमीफायनलच्या सकाळी, गर्दी वाढणार म्हणून, सर मैदानावर चुन्याच्या फक्कीने गोल आखत होते. प्रत्येक गोलात एक खुर्ची. तात्या काठी टेकत आले. एका गोलापासून दुसऱ्या गोलापर्यंत काठीने अंतर मोजलं. मग उलट्या बाजूने मोजलं.

"मास्तर, किती हाय हे?"

"चार फूट. सरकारी नियम सहाचा, पण जागा पुरंना."

"म्हंजे कुणी कुणाजवळ बसलाच नाय?"

"न्हाय."

तात्या माझ्याकडे वळले. "मग येऊ दे रामाला. त्याच्या जवळ कोण हाय? आणि तो तरी कुणाच्या जवळ हाय?"

मला हसावं की ओरडावं कळेना! नऊ वर्षं झाली. तंटामुक्ती समितीची मीटिंग झाली, पोलिसपाटील झाले, दोन सरपंच झाले. कुणाला जमलं नाही, ते मूठभर फक्कीने केलं! रामाकाकांना आत घेण्यासाठी गावाने अख्ख्या गावालाच वाळीत टाकलं, आणि कुणाला त्यात काही वावगं वाटलं नाही!

*

रामाकाका इस्त्रीचा शर्ट घालून आले. चौथ्या रांगेत, कडेच्या गोलात बसले. आजूबाजूचे म्हातारे नुसते तळमळत होते. चार फुटांवरून कुजबुजता येत नाही, तंबाखू मागता येत नाही, शेजाऱ्याला कोपर मारता येत नाही. हाफटाइमपर्यंत सगळ्यांचे चेहरे उतरले. रामाकाका मात्र मांडीवर हात ठेवून निवांत.

मी पाण्याची बाटली द्यायला गेले. द्यायची नव्हती, पण दिली. म्हटलं, "काका, एकटं बसून कंटाळा नाही आला?"

ते म्हणाले, "त्यांची पहिलीच वेळ हाय ना गो. माझी नऊ वर्षांची प्रॅक्टिस हाय."

आणि हसले!

सायलीने त्या दिवशी दोन पेनल्टी अडवल्या. आम्ही फायनलला पोचलो.

*

फायनलच्या दोन दिवस आधी नवा आदेश आला. निर्बंध उठले, मैदान पूर्ण क्षमतेने भरा! सरांनी सरावाच्या वेळी माईकवर वाचून दाखवलं. पोरं जांभळीवरून धपाधप उड्या मारून नाचायला लागली. शाळेतून लांब बाकडी आली, एकाला एक चिकटून लागली. मीसुद्धा टाळ्या वाजवत होते.

सायली सोडून सगळे टाळ्या वाजवत होते.

माझ्या टाळ्या मधेच थांबल्या. बाकड्यावर कुठला आलाय चार फुटांचा गोल!

*

फायनलला रामाकाका आले. सायलीने हाताला धरून आणले. गेटवर आता पास नाही, मोजणी नाही. बाकडी खच्चून भरलेली. काका एकेका बाकड्यापाशी गेले, की तिथली माणसं न बोलता पसरून बसायची. तिसऱ्या बाकड्यानंतर ते गेटकडे परत फिरले.

सायलीने ते पाहिलं. ग्लोव्हज काढले, सरांच्या टेबलामागची प्लास्टिकची खुर्ची उचलली आणि स्वतःच्या गोलपोस्टच्या मागे नेऊन ठेवली. "बाबा, बसा. तुम्ही उठलात तर मी पण जाणार."

रेफरी धावत आला. "पोस्टामागे प्रेक्षक चालत नाहीत!"

सर म्हणाले, "कोल्हापुरात या, शंभर दाखवतो. शिट्टी वाजवा."

मॅच सुरू झाली. पण पूर्ण क्षमता म्हणजे काय, ते आमच्या मानकऱ्यांना तेव्हा कळलं. पुढे पोरांची भिंत उभी राहिली, आणि पहिल्या रांगेत मानाच्या खुर्चीवर बसलेल्या तात्यांना नुसत्या पाठी दिसायला लागल्या. "बसा रे! बसा!" कुणी ऐकेना. पलीकडच्या टीमला पेनल्टी मिळाली, अख्खं मैदान उभं राहिलं, आणि तात्याही उठले.

एका हातात काठी, दुसऱ्या हाताने खुर्ची ओढत ते लाइनीच्या बाहेरून निघाले. सरळ पोस्टामागे! मी गेट सोडून धावले. म्हटलं, आता हे काकांना उठवणार. सायलीने एकदा मागे बघितलं. सगळं मैदान चेंडू सोडून तात्यांकडे बघत होतं.

तात्यांनी खुर्ची टेकवली. रामाकाकांच्या खुर्चीला घासून, हाताला हात लागेल अशी. बसले. धाप टाकली.

पेनल्टी मारली गेली. सायली डावीकडे झेपावली, चेंडू उजवीकडून आत गेला.

गोल! कुणीही ओरडलं नाही.

नऊ वर्षांत पहिल्यांदा तात्यांनी रामाकाकांकडे तोंड वळवलं. "रामा, तुझी पोर चेंडू सुटायच्या आधीच पडते रे."

रामाकाकांनी मैदानावरची नजर काढली नाही. "सकाळीच सांगितलंय तिला, तात्या. पण हल्लीच्या पोरी कुणाचं ऐकतात?"