शैलाकाकूंचा तातडीचा निधी

घरात फांडच्या, म्हणजे दुकानात परत देऊन अनामत घ्यायच्या, रिकाम्या बाटल्या कशा नकळत साठतात, तसे आमच्या निधीचे किस्से साठलेत. कधीतरी एकदा बसून रिकामे करावेच लागतात!

आम्ही फ्रँकफर्टमधले सहा-सात मराठी लोक. ज्या घरातल्या माणसाला देशाबाहेर पाठवण्यासाठी कोठडीत नेलंय, त्या घराला पहिले काही दिवस तगायला मदत करतो. भाडं, किराणा, वकिलाची आगाऊ फी. आमच्या म्होरक्या शैलाकाकू, निवृत्त नर्स. शनिवारी सकाळी चहाचा थर्मास घेऊन चर्चच्या मागच्या हॉलमध्ये बसतात.

*

सुरुवातीला मी आयटीवाला म्हणून मोठ्या हौसेने फॉर्म बनवला. चार पानी! काकूंनी चष्मा लावून अख्खा वाचला.

“छान आहे रे. पण ही समोर बसलेली बाई आत्ताच आउसलेंडरबेहोर्डेतून, त्या परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीतून आलीये. तिथेही फॉर्म, इथेही फॉर्म?”

आणि फॉर्म उलटा करून मागच्या कोऱ्या बाजूवर त्या बाईच्या किराण्याची यादी लिहायला घेतली. तेव्हापासून आमचे प्रश्न दोनच. घरात कोण कोण आहे? आणि आज काय हवंय?

*

एक जॉर्जियन बाई आली. नवरा कोठडीत, दुसऱ्या दिवशी कोर्टात सुनावणी. आम्हाला वाटलं, वकिलाचे पैसे हवेत.

ती म्हणाली, “त्याला कामावरून उचललं. अंगावर रंगाने माखलेले कपडे आहेत. जजसमोर तसाच उभा राहणार?”

वसंतकाका, म्हणजे काकूंचे मिस्टर, तडक घरी गेले आणि रिटायरमेंटला शिवलेला राखाडी कोट घेऊन आले.

“अहो, एवढा एकच चांगला कोट आहे तुमचा!”

“आल्झो, मग? मला कुठे जजसमोर उभं राहायचंय?”

दोन आठवड्यांनी मी सहज विचारलं, “काका, कोट आला का परत?”

“कोट नाही आला. माणूस आला!”

*

वाल्डॉर्फचा एक इंजिनिअर, मूळचा नाशिकचा. देणगी द्यायला तयार होता, पण फोनवर त्याने विचारलं, “काकू, पैसे आपल्याच लोकांना जातात ना?”

“गेनाऊ, अगदी बरोबर! आपल्याच. आमच्याच बसने येतात, आमच्याच दुकानात कांदे घेतात.”

आता तो महिन्यातून दोनदा स्वतःच्या गाडीने बायका-मुलांना कोठडीतल्या माणसाच्या भेटीला नेतो. पेट्रोलचं विचारलं की रागावतो.

*

सगळंच काही गोड होत नाही. घानाच्या एका वेल्डरला विमानात बसवणार हे नक्की झालं. आमच्या हातात उरलं एवढंच, की त्याची बॅग भरून विमानतळावर पोचवायची. बायको कपडे घड्या करत होती. नऊ वर्षांच्या मुलीने बाबाची लोकरीची टोपी आणून बॅगेत टाकली.

काकू तिला जर्मनमध्ये म्हणाल्या, “अगं, तिथे थंडी नसते.”

“पण परत येईल तेव्हा इथे असेल ना?”

काकूंनी टोपी सगळ्यात वर ठेवली.

*

आता शेवटचा.

युसुफ नावाचा एक अफगाण स्वयंपाकी कोठडीत होता. बायको नुकतीच बाळंत झालेली, तिला येणं शक्य नव्हतं. म्हणून काकू आणि मी भेटायला गेलो. काकूंनी बाळाचा फोटो दाखवला. तो कितीतरी वेळ बघत राहिला. निघताना काकू म्हणाल्या, “तुझ्या फोनसाठी काउंटरवर वीस युरो भरते.”

“माझ्या नको,” तो म्हणाला. “शेजारच्या खोलीत गॅम्बियाचा एक जण आहे, लामिन. त्याच्या नावावर भरा.”

“आणि तू? बायकोला फोन कसा करशील?”

“पुढच्या आठवड्यात करेन. मला आज कोणीतरी भेटायला आलं. त्याला अजून कोणीच आलेलं नाही.”

काउंटरवरच्या माणसाने फॉर्म पुढे ओढला. कैद्याचं नाव? काकूंनी सांगितलं. रक्कम? सांगितली.

“नातं?”

लामिनला काकूंनी जन्मात पाहिलं नव्हतं.

“टांटे,” काकू म्हणाल्या. मावशी!

त्या माणसाने मान वर केली. काकूंची नऊवारी नसली तरी साडी होती, कपाळावर टिकली होती. त्याने एकदा लामिनच्या नावाकडे पाहिलं, एकदा काकूंकडे पाहिलं.

“या, या,” म्हणजे ‘हो, हो’, असं तो म्हणाला, आणि रकान्यात स्वच्छ अक्षरात लिहिलं : टांटे.