आत्मारामची नेपाळातली सोयरीक

आत्माराम शिवलकरने नेपाळात बायको केली, ही बातमी आमच्या वाडीत त्याच्या आधी येऊन पोचली. तो अजून गाडीत होता आणि इकडे सगुणाकाकूने नवरीचा रंग, उंची, स्वभाव सगळं ठरवून टाकलं होतं. रंग गोरा, उंची बेताची, स्वभाव सोशिक. सोशिक नसती तर छप्पन्न वर्षांच्या आत्मारामला तिने हो कशाला म्हटलं असतं? बातमी आणणारा तरी कोण, खुद्द आत्मारामचा चुलतभाऊ दादू. त्याने म्हणे नवरदेव डोळ्यांनी पाहिला होता.

आत्माराम रत्नागिरीहून पावस गावाला जाणाऱ्या वाटेवर, कातळाला लागून असलेली हापूसची बाग सांभाळतो. त्याची बाग म्हणवत नाही, कारण सातबाऱ्यावर एकोणीस नावं आहेत. काही माणसं मुंबईत, काही देवाघरी, आणि एक कुठे आहे ते कुणालाच ठाऊक नाही. फवारणीच्या वेळी मालक एकटा आत्माराम, पेट्या भरल्या की एकोणीसच्या एकोणीस. त्याचं लग्न तीनदा जमत आलं होतं. मुलीकडचे सहज म्हणून सातबारा बघायचे आणि मग नेमकी पत्रिका जुळायची नाही. वाटपाच्या कागदावर दादूने सही केली असती तर बाकीच्यांनीही केली असती. पण बांधावरच्या एका फणसावरून दोघांचं बोलणं बंद झालं, ते झालंच.

बागेच्या राखणीला हर्कबहादूर. आमच्याकडे आंब्याची राखण नेपाळी माणसांशिवाय होत नाही, आणि चांगला राखणदार पळवायला शेजारी टपलेलेच असतात. हर्क आला तेव्हा त्याची मुलगी पवित्रा आईच्या पाठीवर होती. ती बागेतल्या खोपीत वाढली, मराठी शाळेत शिकली, आणि आता सगुणाकाकूशी भांडून जिंकण्याइतकं मराठी तिला येतं. आमच्यातल्या फार थोड्यांना ते जमलंय. पोरगी बारावी सायन्सला उत्तम मार्कांनी पास झाली आणि लांज्याकडच्या एका खासगी नर्सिंग कॉलेजात तिला जागा मिळाली. पैसे दिवाळीपर्यंत भरायचे, नाहीतर जागा गेली. आणि जागा गेली की पोरीला उजवून मोकळं व्हायचं, असं हर्क एकदा बोलून बसला होता. पवित्रा त्या दिवशी जेवली नाही.

आत्माराम तिला घेऊन बँकेत गेला. साहेब सज्जन निघाला. म्हणाला, शिक्षणाचं एवढं कर्ज आम्ही तारण न मागता देतो, आईबाप सहकर्जदार झाले की झालं. आत्मारामने चहा मागवला. चहा येईपर्यंत साहेबाने नागरिकत्वाचं विचारलं. पवित्रा म्हणाली, नेपाळची. मग आलेले दोन्ही कप आत्मारामनेच प्यायले.

मग हर्कने नेपाळात, धनगढीच्या बँकेत फोन लावला. तिथले म्हणाले, मुलगी आपली आहे, भारतात शिकायलाही कर्ज देऊ, पण जमीन तारण ठेवा. म्हणजे आपल्या बँकेला जमीन नको, पण मुलगी इथली हवी. त्यांच्या बँकेला मुलगी चालत होती, पण जमीन तिथली हवी. आत्मारामने भाबडेपणाने विचारून पाहिलं, की रत्नागिरीतला हापूस तारण चालेल का. तिकडचा माणूस बराच वेळ हसला म्हणतात.

हर्कची जमीन होती. पण मोठा भाऊ दिलबहादूर याच्याशी सामाईक, आणि दिलबहादूर सही देत नव्हता.

हे ऐकलं आणि आत्माराम खुलला. कर्जातलं त्याला काही कळत नव्हतं. पण सही न देणारा भाऊ? त्यात त्याची हयात गेली होती. तो म्हणाला, हर्क, असली कामं फोनवर होत नाहीत. आमच्याकडे सामाईक जमिनीच्या सह्या गणपतीत मागतात, सगळे घरी असतात आणि पोट भरलेलं असतं. तुमच्याकडे असा सण कुठला? हर्क म्हणाला, दसैं, म्हणजे तुमचा दसरा. दोघे निघाले.

दसैंच्या दिवशी हर्कच्या घरातल्या म्हातारीने पाहुण्याच्या डोक्यावर टोपी घातली, कपाळाला दही-तांदळाचा लालभडक टिळा थापला आणि कानामागे पिवळे अंकुर खोचले. त्या थाटात आत्माराम दिलबहादूरपुढे बसला. तो मराठीत पाच वाक्यं बोलायचा, हर्क त्याचं नेपाळीत एक करायचा. फणस तर हर्कने गाळूनच टाकला.

दिलबहादूरचं म्हणणं साधं होतं. पोरगी उद्या लग्न करून जाईल, मग हप्ते थकले तर जमीन कुणाची? आत्माराम म्हणाला, "पोरगी शिकली तर हप्ते ती भरील. नाही शिकली तर दोघे भाऊ माझ्यासारखे म्हातारे व्हाल. जमीन शाबूत, आणि तिचा उपयोग शून्य."

दिलबहादूरने त्याच्याकडे नीट पाहिलं आणि तुटक्या हिंदीत विचारलं, "आप का भाई साइन करता है?"

आत्माराम डोक्यावरची टोपी सारखी करू लागला. मग दिलबहादूरने आपला फोनच पुढे केला. आधी तुम्ही भावाशी बोला, मग मी बघतो.

व्हिडिओ कॉल लागला. परदेशी नंबर बघून दादूला लॉटरी लागल्यासारखं वाटलं असणार, त्याने लगेच उचलला. समोर टोपी, टिळा, कानामागे अंकुर, मागे बायकांची गाणी आणि चुलीवर बोकड.

"शेवटी केलंस लग्न," दादू म्हणाला. "कळवायचं तरी, मेल्या. आहेर केला असता."

"आहेर नको. सही कर."

दादूने फोन ठेवला. इतक्या वर्षांनी दोघे भाऊ बोलले ते एवढंच.

दिलबहादूरला मराठीतलं अक्षरही कळलं नव्हतं. त्याने हर्कला विचारलं, भाऊ काय म्हणाला? हर्कने नेहमीप्रमाणे एकच वाक्य केलं. भाऊ आहेर देतो म्हणाला.

एवढ्या लांबून, भांडलेला भाऊ आहेर द्यायला तयार होतो, आणि आपण पुतणीला सही देत नाही, हे दिलबहादूरच्या मनाला लागलं असावं. सण संपून जमिनीची कचेरी उघडली त्या दिवशी तो स्वतः हर्कला मोटारसायकलवर घालून घेऊन गेला. तोवर इकडे दादूचं अर्ध्या तालुक्याला नवरदेवाचं वर्णन करून झालं होतं.

आत्मारामचं लग्न झालेलं नाही. तो हर्कच्या भावाची सही मागायला गेला होता. ती मिळाली, कर्ज मंजूर झालं, आणि पवित्रा नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे.