अडकलेली पाकळी

टेलरबाईंच्या हृदयात धातूची झडप बसवली, तेव्हापासून त्यांच्या घरात टिकटिक ऐकू यायची. शिलाईमशीन थांबलं की गिऱ्हाइकं भिंतीवर घड्याळ शोधायची. बाई दातांत टाचण्या धरून हसायच्या. "घड्याळ आत आहे. चावी देवाकडे."

मास्तर, म्हणजे त्यांचे निवृत्त शिक्षक यजमान, मात्र वैतागायचे. त्यांची झोप भारी सावध.

"अगं, तिकडे तोंड करून झोप. की कानात बोळे घालू?"

"घाला. नाहीतरी माझं कधी ऐकता?"

यंदा कामाच्या गर्दीत बाईंनी रक्ततपासणी पुढे ढकलली. रक्त पातळ ठेवायच्या गोळ्या पुरेशा पडताहेत की नाही, ते कळलंच नाही. टिकटिक मात्र मऊ पडत गेली आणि मास्तर गाढ झोपू लागले. "मुरली बघ तुझी झडप," ते खुशीत म्हणाले. कटकट मिटली म्हणून बाईंनाही बरंच वाटलं. जिना चढताना धाप लागे, त्याचं खापर दोघांनी वयावर फोडलं.

मग मुलगी राहायला आली. आईच्या कुशीत शिरली आणि ताडकन उठून बसली. "आई, तुझी टिकटिक कुठे गेली?"

हॉस्पिटलात घशातून नळी घालून सोनोग्राफी झाली, मग झडपेची हालचाल दाखवणारा एक्स-रे. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर बोट ठेवलं. झडपेच्या दोन पाकळ्यांपैकी एक उघडमीट करत होती. दुसरी, दार फुगून चौकटीत अडकावं तशी, तिरकी थांबलेली.

"इथे रक्ताची गाठ धरलीय. ताजी असेल तर औषधानं विरघळण्याची आशा जास्त. आवाज कधीपासून कमी झाला?"

"मशीनच्या घरघरीत कोण लक्ष देतं हो?" बाई घाईनं म्हणाल्या. मास्तरांची बाजू त्या आयुष्यभर अशीच सावरत आल्या होत्या.

"मला माहीत होतं," मास्तर म्हणाले. "उन्हाळ्यापासून. मला झोप लागायला लागली होती."

मुलीनं वडिलांकडे पाहिलंच नाही.

"म्हणजे गाठ बरीच जुनी दिसतेय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झडपच बदलावी लागेल. दुसऱ्यांदा छाती उघडायची म्हणजे धोका आहे."

ऑपरेशनला नेण्याआधी बाईंनी चष्मा मुलीकडे दिला आणि अंदाजानंच मास्तरांची कॉलर सरळ केली.

"तेवढी झोप तरी नीट झाली ना तुमची?"

टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. झोप तर झाली होती, फार छान झाली होती. तेवढंच मास्तरांना सांगता येईना.