अकोल्याला पांढरा करून आणलेला दात

पडला असता तर बरं झालं असतं, असं मी त्या दाताला तेव्हा दहादा म्हटलं असेल. पण तो हट्टी, माझ्याच वळणाचा. वाशीमच्या वेशीबाहेर आमचा वांग्या-मेथीचा मळा होता. तिथं धावता धावता विहिरीजवळच्या दगडावर तोंडघशी पडले आणि पुढचा दात आतल्या आत मेला. हिरडी सुजून गाल फुगला, तेव्हा वडिलांनी आगगाडीनं अकोल्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं दाताला भोक पाडून सडलेली नस ओढून काढली, आत मसाला भरला आणि दात वाचवला. वाचला खरा, पण वर्षभरात चुलीतल्या राखेच्या रंगाचा झाला.

तेवढ्यात मला बघायला लोक येऊ लागले. दोन ठिकाणचे आले, चहा प्याले, मला नाव विचारलं. आता नाव सांगायचं तर तोंड उघडावं लागतं. दोघांनीही ‘कळवतो’ म्हटलं आणि कुणीच काही कळवलं नाही.

“हसतील त्याचे दात दिसतील,” माय म्हणाली.

“माहाच दिसून राह्यला, तेच तं रडनं हाय,” मी म्हटलं.

हळूहळू मी हसायचीच बंद झाले. शेजारच्या मळ्यातल्या बाया म्हणायच्या, पोरीला भारी मिजास आली. मिजास कसली डोंबलाची, रोज पाटाच्या पाण्यात तोंड बघून मला रडू यायचं.

शेवटी वडील मला घेऊन पुन्हा अकोल्याला गेले आणि डॉक्टरपुढे दाताच्या कण्या केल्या. दात पांढरा करता येतो, पण तीन खेपा लागतील, असं तो म्हणाला. दर खेपेला तो दात मागून उघडायचा, औषधात भिजवलेला कापूस आत ठेवायचा आणि समोर तापलेला दिवा धरायचा. औषध फसफसायचं, ओठ चुरचुरायचे. मी हूं की चूं केलं नाही. वर आठ दिवस हळद नको, चहा नको, नुसती दूध-भाकर. वांग्याच्या मळ्यात राहून दूध-भाकर खाणं ही शिक्षाच म्हणायची.

तिसऱ्या खेपेला त्यानं हातात आरसा दिला. दात पांढरा झाला होता. मला इतका आनंद झाला की तिथंच भोकाड पसरलं. डॉक्टर वडिलांना म्हणाला, “किती दिवस टिकेल सांगता येत नाही. पुन्हा काळवंडूही शकतो.”

धनज गावची मंडळी बघायला आली तेव्हा वडिलांनी आधीच बजावलं, “दाताचं काई बोलू नको.” हात दाखवून अवलक्षण कोण करून घेतं? मी गप्प राहिले. लग्न ठरलं आणि झालंही. पण सासरी रोज पहाटे उठले की सगळ्यांच्या आधी आरशात दात बघायची. काळा पडला तर म्हणतील, फसवून गळ्यात बांधली.

लग्नानंतर पाचव्या दिवशी सासूबाईंनी परसात बोलावलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांच्या हातात एक डबी होती, हिराकस आणि मायफळ घालून केलेल्या, दात काळे करणाऱ्या दातवणाची. त्यांचे स्वतःचे दात लहानपणापासून दातवण लावून लावून कुळकुळीत झालेले.

“सवाशिणीचे दात काळेच शोभते. उघड तोंड,” त्या म्हणाल्या.

मी ओठ घट्ट मिटले.

“काहून व?”

मग मला राहवेना. पडल्यापासून दिव्यापर्यंत सगळं सांगून टाकलं. “हा दात पांढरा करून आनलेला हाय, आत्याबाई. कधी काळा होईन, सांगता येत नाही. पन आता कुठं मले हसता येऊन राह्यलं. हे नका लावू.”

बोलून बसले. आता वडिलांना बोलावणं जाणार, असंच वाटलं.

आत्याबाईंनी डबीचं झाकण लावलं. मागं वळून दाराकडे बघितलं. तिथं कुणी नव्हतं. मग माझ्याजवळ सरकून त्या हळूच म्हणाल्या, “त्या डॉक्टरच्यानं माहे होतीन काय व पांढरे?”